पाच तारा आणि एक गुडघा

ऑर्केस्ट्रा पार्टीत काम करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. टेम्पोच्या फाळक्याला चिखल बसतो तसे ते आपोआप बसतात, आणि रोज धुतला तरी कोपऱ्यात थोडा राहतोच. मग कुठे चहाला थांबलं की कोणीतरी म्हणतं, "ते बेसचं सांग की रे," आणि पुढच्या सुपारीला उशीर होतो.

बेसचं म्हणजे दादाच्या गिटारचं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ संजय. त्याला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. त्याची बेस गिटार विकायला मला तीन महिने लागले. विकायची वस्तू एक, विकणारा मी एकटा, आणि सल्ला देणारी अख्खी पार्टी.

आधी माणसं सांगतो. पार्टी देवळाली प्रवऱ्याची. मालक पोपटमास्तर, ते कीबोर्ड वाजवतात. शकीलभाई ऑक्टोपॅडवर. दादा बेसवर. गाणारे सीझनप्रमाणे बदलतात, त्यांची नावं लिहीत बसत नाही. मी गणेश, टेम्पो चालवतो आणि स्पीकर उचलतो. मी आठवीत शाळा सोडली. मास्तर सांगतात की त्या दिवशी शाळेनं पेढे वाटले होते.

*

गिटार घरी आली तो दिवस. दादानं सहा सीझनची कमाई आणि स्वतःची मोटरसायकल त्यात घातली होती. पुण्याहून एका वादकाकडून ती आणली, दोन लाखांना. परदेशी कंपनीची. कंपनीचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही, म्हणून लिहीत नाही. गडद तपकिरी लाकूड, त्यावर पाण्याच्या लाटेसारख्या रेषा. आतून मखमल लावलेली पेटी.

आई हळदीकुंकू घेऊन आली. दादा आडवा झाला. "आई, लाकडाला नको. पेटीला लाव." पेटीच्या कोपऱ्यावर कुंकवाचं ते बोट अजून आहे.

मास्तरांनी चष्मा लावून तारा मोजल्या. पुन्हा मोजल्या. म्हणाले, "संज्या, सहा तारांची गिटार पाच हजाराला मिळती. ही पाच तारांची दोन लाखाला. कमी केलेल्या तारेचे इतके पैसे घेतात व्हय?"

शेजारच्या काकांना वेगळंच दुःख झालं. "एवढ्यात दोन जर्सी गाई आल्या असत्या."

आई म्हणाली, "गाईला रोज वैरण लागती भाऊजी. हिला नुसती बॅटरी लागती."

बॅटरीचं आईला बरोबर कळलं होतं. त्या गिटारच्या पोटात एक चौकोनी बॅटरी बसते. ती संपली की दोन लाखांचं लाकूड मुकं.

*

बेस वाजवणाऱ्याचं दुःख असं की तो आहे हे कोणाला कळतच नाही. गाणाऱ्याला लोक बघतात, ऑक्टोपॅडवर टाळ्या पडतात. दादा टेम्पोचा मागचा फाळका उघडून त्यावर उभा राहायचा आणि खाली बघत वाजवायचा. लोकांना वाटायचं, हा पेंगतोय.

एका वरातीत नवरदेवाचे मामा मास्तरांकडे आले. कपाळावर गुलाल, हातात रुमाल. "तो मागचा उंच पोरगा काय करतोय? त्याचं काही ऐकूच येत न्हाई. त्याचे पैसे कापा."

दादानं ते ऐकलं. मामा नाचायला परत गेले. गाणं रंगात आलं, मामांनी दोन्ही हात वर केले, आणि दादानं तारांवर तळहात ठेवला.

कीबोर्ड चालू, ऑक्टोपॅड चालू, गाणारा चालू. पण खालून कोणीतरी जमीन काढून घेतल्यासारखी वरात थांबली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मामा हात वर ठेवूनच टेम्पोपाशी आले.

"काय बंद पडलं?"

दादा म्हणाला, "मी."

त्या दिवशी मामांनी दादाला वेगळी शंभराची नोट लावली. दादानं ती शकीलभाईंच्या ऑक्टोपॅडवर ठेवली, "यांचं तरी कोण ऐकतं," म्हणून. शकीलभाई दोन दिवस बोलले नाहीत.

आणि तो खाली बघायचा ते पेंग आली म्हणून नव्हे. वरातीतली सगळ्यात म्हातारी बाई शोधायचा आणि तिच्या पायाकडे बघत वाजवायचा. मला सांगायचा, "तरणी पोरं कशावरबी नाचत्यात गण्या. जनरेटर चालू केला तरी नाचत्यात. म्हातारीचा अंगठा हलला की समजायचं, बरोबर चाललंय." घरी सरावाला बसला की समोर आई ज्वारी निवडत बसलेली असायची. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, उठताना भिंत धरावी लागायची. पण दादाचा हात बसला की तिच्या उजव्या पायाचा अंगठा सुपाखाली हलायचा. तो हलला की सराव संपला.

*

दादाचा एक नियम होता. वाजवून झालं की पहिली गिटारची वायर काढायची. वायर आत राहिली की बॅटरी आपोआप उतरते. मग पाणी, मग जेवण, मग नवरीकडच्यांचे आभार.

एकदा नगरहून परत येत होतो. भर दुपार, विळद घाटात ट्रकच्या रांगा. दादा एकदम म्हणाला, "गाडी थांबव. वायर राह्यली." मी म्हटलं, घाटात कुठं थांबवू, घरी गेल्यावर काढ. त्यानं चालत्या टेम्पोचं दार उघडलं. मी थांबवली. मागे वीस गाड्यांचे हॉर्न. दादा शांतपणे मागे गेला, स्पीकरमधून वाट काढली, पेटी उघडली, वायर काढली, पेटी बंद केली, येऊन बसला.

मी चिडलो होतो. "एक दिवस राह्यली असती तर काय झालं असतं?"

"तू तोंडात घास ठेवून झोपतोस का?" तो म्हणाला.

*

हॉस्पिटलचं म्हणजे किस्सा नव्हे, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कावीळ पोटात उतरली होती. डोळे हळदीसारखे. मला जवळ बोलावून त्यानं तीन गोष्टी सांगितल्या, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा.

"गिटार विकायची. कपाटात ठेवलीस तर लाकूड वाकंल, आन आई रोज बघंल."

"त्या पैशात आईचे गुडघे करायचे."

"आन जो वाजवायच्या आधी भाव इचारंल, त्याला द्यायची न्हाई."

मी म्हटलं, मी विकणारच नाही, तू घरी ये आणि वाजव. तो म्हणाला, "तुझं ऐकायला येळ न्हाई गण्या."

चौथ्या दिवशी खरंच नव्हता.

*

दादा गेल्यावरची पहिली सुपारी. बेसशिवाय. मास्तर म्हणाले, कीबोर्डवर डाव्या हाताने काम भागवतो. मला काही वाजवायचं नव्हतं, फक्त टेम्पो मांडवापाशी मागे घ्यायचा होता.

टेम्पो मागे घेताना दादा नेहमी खाली उतरायचा. पत्र्यावर एक थाप मारली की ये, दोन थापा मारल्या की थांब. मला आरशात बघायची सवयच नव्हती. मी गाडी मागे घेत राहिलो. थापेची वाट बघत राहिलो. थाप काही आली नाही, मांडवाचा खांब आला. खांबामागे दुसरा. शेवटी रंगीत कापडासकट सगळा मांडव जेवणाच्या टेबलांवर बसला. आत आचारी होता. तो कापडातून झारा फिरवत बाहेर आला.

मला वाटलं, मास्तर आता मला पार्टीतून काढणार. मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसलो होतो. मास्तर खिडकीपाशी आले. 

"मांडव परत उभा ऱ्हातो," ते म्हणाले. "उतर. खांब धर."

*

मग मी मोबाईलवर जाहिरात टाकली. फोटो शकीलभाईंनी काढला. भाव मुद्दाम लिहिला नाही. मनात दीड लाख धरले होते, कारण धर्मादाय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचा जो आकडा सांगितला होता तो त्याच्या आसपास होता.

पहिला फोन आला. "लास्ट किती?"

मी फोन ठेवला. दुसरा. "भाऊ, फायनल बोल." ठेवला. तिसऱ्याने नमस्कार केला, कुठले, काय, कसे, सगळं विचारलं, मी खुश झालो, आणि मग तो म्हणाला, "बरं, साधारण आकडा?" याला तर मी शिवीच दिली. दादानं शिवी द्यायला सांगितलं नव्हतं, ते माझं.

आठवडाभरात गावात पसरलं की गण्याच्या गिटारचा भाव विचारला की तो शिव्या देतो. मग पोरं मुद्दाम फोन करायला लागली. एक तर इतका हुशार निघाला, म्हणाला, "भाव विचारायचा नाही हे मला माहितीय. तुम्ही फक्त सांगा, तुमची अपेक्षा काय आहे?"

आई वैतागली. "अरं, भाव न इचारता बाजारात कोन काय घेतं? मी मेथीची जुडी घेत न्हाई."

मास्तर म्हणाले, "वहिनी, तुमच्या पोरानं गिटार विकायला न्हाई सांगितली. सोयरीक जमवायला सांगितलीय."

*

सोयरीक जवळजवळ जमलीच होती. राहुरीकडचे एक बागायतदार मोठ्या पांढऱ्या गाडीतून आले. नवीन बंगला बांधला होता. आल्याआल्या पेटी उघडायला लावली, गिटार बघितली, मान हलवली, आणि खिशातून पुडकं काढून आमच्या कॉटवर ठेवलं. भाव विचारला नाही!

"एक लाख साठ हायेत. मोजून घ्या."

मी मनात हिशेब केला. दोन्ही गुडघे, वर औषधं, वर रिक्षाभाडं. नियमही मोडला नव्हता. मी पेटीचा खटका लावायला वाकलो. आई दारात ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"घरात वाजवतं कोन?" तिनं विचारलं.

"वाजवायची कशाला, काकू? हॉलमध्ये लावायची. वरून लाईट सोडलाय. शोसाठी."

आईनं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "माझे गुडघेबी सध्या शोसाठीच हायेत, भाऊ. तुमी पैसे उचला."

ते गेल्यावर मी आईवर ओरडलो. म्हटलं, आता काय आयुष्यभर भिंत धरून चालणार का. ती म्हणाली, "भिंत कुठं चाललीय?"

*

दुसरी सोयरीक मी घाईत उरकणारच होतो. शहरातल्या एका स्टुडिओचा माणूस आला. केस मागे बांधलेले, कानात बाळी. त्यानंही भाव विचारला नाही. आधी वाजवून बघतो म्हणाला. मला बरं वाटलं. मास्तरांचा स्पीकर लावला, शकीलभाई मुद्दाम ऐकायला आले होते.

त्यानं वायर जोडली, तार छेडली. आवाज नाही. खटके फिरवले. आवाज नाही. स्पीकर चालू होता, वायर नवी होती. गिटार मुकी.

तो चुकचुकला. "सर्किट गेलंय. आतलं सगळं बदलावं लागेल. पार्ट परदेशातून. खरं तर मी घेऊच नये, पण भावाची आठवण आहे म्हणता, म्हणून चाळीस देतो."

मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. एवढंच कळलं की तीही गेली. मी पेटी त्याच्यासमोर ढकलली. "घेऊन जा. आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

शकीलभाईंनी पेटीवर पाय ठेवला. "गण्या. वायर कधी काढली होतीस?"

आदल्या दिवशी दुपारी आई देवळात गेली होती, तेव्हा मी ती मांडीवर घेऊन बसलो होतो. सगळ्यात जाड तार एकदाच वाजवली होती. त्यानंतर वायर काढायची हे मला सकाळपर्यंत सुचलं नव्हतं, कारण त्यानंतर मला काहीच सुचलं नव्हतं.

शकीलभाई टेम्पोकडे गेले. जुन्या कॉर्डलेस माईकमधली चौकोनी बॅटरी काढून आणली, गिटारच्या पाठीमागचं झाकण उघडलं, बसवली, आणि अंगठ्याने जाड तार ओढली. फडताळातली ताटं वाजली. शेजारच्या काकांची म्हैस ओरडली.

स्टुडिओवाला म्हणाला, "अच्छा. म्हणजे बॅटरी होती."

"आपल्याला माहीत नव्हतं?" शकीलभाईंनी विचारलं.

"नाही, म्हणजे... शंका होती."

"मग आधी शंकेचे चाळीस ठेवा," शकीलभाई म्हणाले, "गिटारचं नंतर बोलू."

तो गेला तेव्हा त्याचा बाळीवाला कान लालभडक झाला होता. मास्तर प्रत्येक कार्यक्रमाच्या मधल्या वेळेत हा किस्सा सांगतात आणि प्रत्येक वेळी बाळी मोठी होते. परवा ती बांगडीएवढी झाली होती.

*

मग सुजाता आली. एका रविवारी सकाळी एसटीने, सुप्याहून. तिथे एका कंपनीत ती पार्ट तपासायच्या लाईनवर काम करते. वडील ढोलकी वाजवतात, त्यांची भीमगीतांची पार्टी आहे, आणि त्या पार्टीत ही बेसवर. उसनी गिटार, चार तारांची, मान वाकलेली. हे तिनं सांगितलं नाही, मी विचारल्यावर एकेक शब्द निघाला. आल्याआल्या तिनं एवढंच विचारलं, "हात धुवायला पाणी मिळेल का?"

मास्तर माझ्या कानात म्हणाले, "पोरगी?" मी म्हटलं, गिटारला माहीत नाही.

तिनं पट्टा गळ्यात घातला. लांब होता, दादाच्या मापाचा. तो आखूड करू का असं तिनं मला विचारलं. मी हो म्हटलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

इतर लोक आले की बोटांची करामत दाखवायचे, तारांवर चापट्या मारायचे. हिनं एकच ठेका धरला. साधा, चालण्याच्या वेगाचा. तोच वाजवत राहिली. हातांकडे बघेना, मास्तरांकडे बघेना. मान खाली. मी दारातून आत बघितलं. ती आईच्या पायाकडे बघत होती.

ठेका किंचित मंद झाला. अजून किंचित. आणि सुपाखाली आईचा अंगठा हलला.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. शकीलभाई छताकडे बघायला लागले, छतात बघण्यासारखं काही नाही. सुजातानं तळहात तारांवर ठेवला, पट्टा काढला, आणि गिटार खाली ठेवायच्या आधी वायर उपसली.

शकीलभाईंनी विचारलं, "बेटा, खाली काय बघत होतीस?"

"वडील सांगतात. जयंतीच्या मिरवणुकीत पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांचे पाय सोडायचे नाहीत. त्या चालल्या तर आपण चालायचं. त्या थांबल्या तर थांबायचं."

मग तिनं पेटीचे खटके लावले, आईला म्हणाली, "येते काकू," आणि चप्पल घालायला लागली.

"अगं, भाव?" मी म्हटलं.

"नको. मला परवडणार नाही हे मला माहितीय. एकदा वाजवायची होती फक्त."

आता पंचाईत. तीन महिने भाव विचारणाऱ्यांना हाकलण्यात गेले, आणि ही एक अशी की विचारायलाच तयार नाही. मास्तर म्हणाले, "इचार की पोरी." शकीलभाई म्हणाले, "पूछ, बेटा, पूछ." ती घाबरली. तिला वाटलं, इथे काहीतरी भानगड आहे. आईनं सूप बाजूला ठेवलं, भिंत धरली, उठली, आणि तिच्या चपलेवर पाय ठेवला.

"भाव इचारल्याबिगर जायचं न्हाई."

सुजाता अगदी हळू म्हणाली, "किती?"

माझ्या तोंडात दीड लाख होते. बाहेर आलं, "तुझ्याकडं किती हायेत?"

"एक लाख दहा. पण ते..."

"तेवढेच," मी म्हटलं.

म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय बोललो. आईकडे बघायची हिंमत होईना. तेवढ्यात दोन्ही गुडघे होत नव्हते. एक होत होता.

आई म्हणाली, "एक आत्ता. दुसरा पुढं बघू. नाचायला एक पुरतो."

मास्तरांनी तिथेच सुजाताला विचारलं, रविवारच्या सुपाऱ्यांना येशील का. ती म्हणाली, वडिलांना विचारते. मास्तर म्हणाले, "इचार. पण त्यांना भाव आमी सांगू, तू नको."

एसटी स्टँडवर तिला मीच टेम्पोने सोडलं. पेटी तिनं मांडीवर उभी धरली होती. गाडी निघाल्यावर मी तिथेच बसून राहिलो. मग शेजारच्या सीटवर हात ठेवला. पेटीच्या कोपऱ्याचं थोडं कुंकू तिथे लागलं होतं.

*

मागच्या महिन्यात खर्ड्याची सुपारी होती. किल्ल्याच्या बाजूने गावात वरात जाणार. आई म्हणाली, मी येणार. ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते, उजवा गुडघा नवा, डावा जुना, हातात काठी. तिला माझ्या शेजारी पुढे बसवलं. म्हटलं, इथूनच ऐकायचं.

वरात निघाली. मी पहिल्या गिअरवर, मास्तर आणि शकीलभाई टेम्पोत, सुजाता मागच्या फाळक्यावर. पाच मिनिटांत नवरदेवाचे चुलते खिडकीपाशी आले. जाड मिशी, नवा फेटा.

"ती पोरगी नुसती गळ्यात अडकवून उभी हाय. मान वर करीना. तिचे पैसे कशाचे घेता?"

मी काही बोलायच्या आत माझ्या शेजारचं दार वाजलं. आई खाली उतरली होती. मी ओरडलो, पण टेम्पो चालता होता आणि पुढे माणसं. आरशात बघितलं तर ती काठी टेकत मागे गेली, बायकांच्या रांगेत शिरली, आणि रांगेत सगळ्यात म्हातारी तीच होती. ठेका एकदम बदलला. मंद झाला. आईचा उजवा पाय उचलला गेला. खाली आला. पुन्हा उचलला गेला. पोरांचा घोळका मागे सरकला, बायकांनी गोल केला, आणि माझी आई, जिने सहा वर्षं भिंत सोडली नव्हती, ती खर्ड्याच्या रस्त्यात एका गुडघ्यावर नाचत होती. चुलत्यांनीही हात वर केले.

मग तिला दम लागला. ती थांबली.

बेस थांबला. टेम्पोच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या. मी ब्रेक दाबला.

थापांचं सुजाताला आमच्यापैकी कोणीच सांगितलं नव्हतं.

अख्खी वरात गप्प. चुलते हात वर ठेवूनच फाळक्यापाशी गेले. "आता काय बंद पडलं?"

सुजातानं हनुवटीने आईकडे दाखवलं. "त्या थांबल्यात."

"मग?"

"मग आपणही थांबायचं."

नवरदेव घोड्यावर, करवल्या उन्हात, मास्तरांचे हात कीबोर्डवर तसेच. आईनं कोणाकडून तरी तांब्या घेतला. पाणी प्यायली. पदराने तोंड पुसलं. चुलत्यांकडे वरून खाली बघितलं, आणि हातातली काठी त्यांच्यापुढे केली.

"धरा जरा."

त्यांनी धरली.

आई फाळक्याकडे वळून म्हणाली, "हं. चल पोरी."

ती काठी अजून खर्ड्यातच आहे.